प्लास्टिकच्या मातीचे दीड हजार? – वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते, आर्टचं शिक्षण झालंय, पॉलिमर क्लेचे नेकपीस आणि कानातली करते. मागच्या दिवाळीच्या आधी एका प्रदर्शनात स्टॉल घेतला होता. एक काकू बराच वेळ एक नेकपीस हातात घेऊन बघत होत्या, कशाचा आहे विचारलं, मी सांगितलं, तर पटकन खाली ठेवला आणि म्हणाल्या, "प्लास्टिकच्या मातीचे दीड हजार?" घरचे म्हणतात त्यापेक्षा गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, जाऊन चांदीचं काम शीक. खरं सांगा, ही सिरियस कला आहे का मी छंदालाच धंदा समजून बसलेय?

उत्तर : काकूंचं मला आवडलं बघा. बराच वेळ बघत होत्या म्हणजे वस्तू डोळ्यात भरली होती, मटेरियलचं नाव ऐकल्यावर मन फिरलं, आणि हे तुमच्या बाबतीत पुढं पण होणार, त्यामुळं तयारी ठेवा. आता पहिली गोष्ट, ते प्लास्टिकच आहे, ते लपवायचं नाही. पीव्हीसीची पावडर, ती मऊ ठेवणारं प्लास्टिसायझर आणि रंग, एवढाच मामला, माती त्यात कणभर नाही. ओव्हनमध्ये गरम झालं की कण एकमेकांत मुरतात आणि वस्तू पक्की होते. पण आपल्या कोल्हापुरी साजात तरी काय असतं ओ, वर सोन्याचा पातळ पत्रा आणि आत लाख. म्हणून साजाला लाखेचा दागिना म्हणून कोणी खाली ठेवत नाही, कारण तो पानं-मणी घडवणारा हात काय आहे हे सगळ्यांना माहितीय. आणि हे गाव बाबूराव पेंटरांचं आहे, माणूस नाटकाचे पडदे रंगवायचा, शिल्प करायचा, सिनेमा काढायला कॅमेरा स्वतः जुळवला, तेव्हा हे हलकं ते भारी असली वाटणी निदान कोल्हापुरात तरी कोणी करू नये असं माझं मत.

या क्लेची सुरुवात बाहुल्यांपासून झाली. जर्मनीत केटे क्रूझे म्हणून नावाजलेल्या बाहुलीवाल्या होत्या, त्यांची मुलगी फिफी हिच्या हाताला हे मटेरियल लागलं, बाहुल्यांची डोकी करायला ते काही जमेना, पण छोट्या नक्षीकामाला मस्त चाललं. १९६४ च्या सुमारास एबरहार्ड फाबर कंपनीनं ते घेतलं आणि त्याचं झालं फिमो. म्हणजे जन्म खेळण्यातला, हे कबूल. पण पुढं अमेरिकेत ज्यांनी ते उचललं ती माणसं बघा. पियर व्होल्कोस ही पीटर व्होल्कोस यांची मुलगी, बाप सिरॅमिकमधला एवढा मोठा शिल्पकार आणि पोरीनं हात घातला तो पॉलिमरमध्ये. कॅथलीन डस्टिन यांच्या पॉलिमरच्या पर्स बघितल्या तर त्या बाजारात न्यायचं धाडस होणार नाही. स्टीव्हन फोर्ड आणि डेव्हिड फोरलानो ही जोडी पॉलिमरला चांदीची जोड देऊन दागिने करते, म्हणजे घरच्यांचा चांदीचा सल्ला अगदीच टाकाऊ नाही, गुजरीत जाऊन हूक, फ्रेम, कोंदण एवढं तरी शिकून घ्याच, क्ले सोडायची गरज नाही. आणि २०११ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या रसीन आर्ट म्युझियमनं पॉलिमरच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरवलं, तिथं अशा कामांचा कायमचा संग्रह पण आहे. तेव्हा म्युझियममध्ये जागा मिळेल का हा प्रश्न मिटलेला आहे, तुमचं काम तिथवर पोचेल का एवढाच उरतो.

आता जरा टोचेल असं बोलते. इंस्टावर दिसणारं नव्वद टक्के काम म्हणजे क्ले लाटली, कटरनं पान कापलं, हूक लावला, झालं. त्याला मी कला म्हणणार नाही, ते बिस्किट कापणं आहे, आणि तेच सगळे विकतायत म्हणून भाव पडतो आणि काकू चिडतात. या मटेरियलची खरी गंमत अशी की रंग वरून लावायचा नसतो, रंग आतूनच असतो. पहिलं, केन म्हणून जो प्रकार आहे तो घ्या. वेगवेगळ्या रंगांच्या पट्ट्या, वळ्या एकमेकांशेजारी रचून जाड लोड करायचा, नक्षी या टोकापासून त्या टोकापर्यंत आरपार, अळूवडीचा उंडा कापल्यावर प्रत्येक चकतीत तीच वेटोळी दिसतात ना तसं. आणि पुढं जे होतं ते अळूवडीत होत नाही, हा मुठीएवढा लोड सगळीकडून सारखा दाबत, ओढत पेन्सिलीएवढा बारीक केला तरी आतली नक्षी तशीच राहते, फक्त इवलीशी होते. दाब एका बाजूला जास्त पडला की फुलाचं तोंड वाकडं. इटलीतल्या मुरानोचे काचवाले मिलेफियोरी, म्हणजे काचेतली फुलांची नक्षी, करतात तीच युक्ती, फक्त भट्टीच्या जागी तुमची बोटं.

दुसरं स्किनर ब्लेंड, जुडिथ स्किनर यांच्या नावाचं. दोन रंगांचे दोन त्रिकोण जोडून चौकोन करायचा, घडी घालून पास्ता मशीनमधून, म्हणजे पट्टा लाटायच्या यंत्रातून, काढायचा, परत त्याच दिशेला घडी, परत मशीन, असं वीस-पंचवीस वेळा. आधी नुसता गचाळ पट्टा दिसतो, निम्म्या लोकांचा धीर इथंच सुटतो, आणि मग हळूहळू हळदी पिवळ्यातून शेंदरी अशी उतरण दिसायला लागते की ब्रशनं पण एवढी सलग येणार नाही. घडीची दिशा बदलत गेलात तर सगळा एकच रंग होऊन बसतो.

आणि मागची बाजू. मी कोणाचंही काम हातात घेतलं की आधी उलटं करून बघते. मागं बोटांचे ठसे, अर्धवट घासलेली कड, गोंदाचा थेंब दिसला की समोरून कितीही भारी असू दे, माझ्या लेखी ते हॉबी. ओला वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात वापरायचा घासकागद, ४०० नंबरपासून १००० पर्यंत चढत जायचं, पाण्यातच घासायचं म्हणजे धूळ नाकात जात नाही, मग जीन्सच्या कापडावर पॉलिश. किमतीत हे तास धरा. क्लेचे पन्नास-शंभर रुपये सांगत बसलात तर दीड हजार महागच वाटणार. पुढच्या स्टॉलवर एक केन अर्धा कापून टेबलावर ठेवा, गिऱ्हाइकाला तो बघू दे, निम्मं बोलणं वाचेल.

प्रश्न : इचलकरंजीहून लिहितोय. बायको क्लेची कानातली करते, पॅकेटवर लिहिल्याप्रमाणं ओटीजीमध्ये अर्धा तास ठेवते, तरी पंधरा दिवसांत गिऱ्हाइकाचा फोन, तुटलं म्हणून. क्ले डुप्लिकेट आहे काय?

उत्तर : क्लेवर संशय घ्यायच्या आधी ओव्हनवर घ्या दादा. ओटीजीचा डायल आकडा एक दाखवतो आणि आत तापमान दुसरंच असतं, त्यात व्होल्टेज वरखाली झालं की विचारूच नका. आत ठेवायचा थर्मामीटर मिळतो तो आणा, आणि डायलकडं बघायचं सोडा. फिमोला ११० डिग्री, प्रीमोला १३०, काटोला १५०, ब्रँड बदलला की तापमान बदललं, दोन ब्रँड एकत्र मळले असतील तर आणखी घोळ. बहुतेक लोक करपेल या भीतीनं कमी भाजतात, आणि कमी भाजलेली क्ले वरून टणक वाटते पण आत कण नीट जुळलेले नसतात, म्हणून ती काडकन तुटते. योग्य तापमान असेल तर वेळ जास्त झाल्यानं सहसा काही बिघडत नाही, जाड नगाला तर जास्त वेळ लागतोच. टेस्ट सोपी आहे, त्याच क्लेची पातळ पट्टी सोबत भाजायची, गार झाल्यावर वाकवायची. चांगल्या क्लेची पट्टी वाकते, तुटत नाही.

जुनी फरशी खाली ठेवून त्यावर भाजा, वरून फॉइलचा तंबू करा म्हणजे कॉइलची झळ थेट लागणार नाही. मायक्रोवेव्हमध्ये नाही. तापमान फारच वर गेलं तर पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइडचा झोंबरा धूर निघतो, तसं झालं तर ओव्हन बंद, खिडक्या उघड्या, पोरांना बाहेर काढा. रोजचं काम असेल तर खाण्याचा ओव्हन वेगळाच ठेवा. आणि चमक यावी म्हणून नेलपॉलिश लावत असतील तर थांबवा, काही दिवसांनी चिकट होतं.

अजून एक, न भाजलेली क्ले एप्रिल-मे मध्ये पत्र्याखालच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवली असेल तर ती तिथंच थोडी भाजून निघते, मग मळताना भुगा होतो. दुकानदारानं उन्हात ठेवलेला माल पण असाच निघतो, पॅकेट दाबून बघूनच घ्या.

प्रश्न : आमचं गंगावेशला पिढ्यांचं मूर्तिकाम. पोरगा म्हणतो आता पॉलिमर क्लेत गणपती करायचे. करू द्यावं काय?

उत्तर : कायम घरात राहणारी, विसर्जन न करायची चार-पाच इंचाची मूर्ती असेल तर जरूर करू दे. विसर्जनाची मूर्ती यात अजिबात नाही, हे पाण्यात विरघळत नाही आणि एकदा भाजलं की परत मळता येत नाही. आतून भरीव करू नका, फॉइल घट्ट चुरगळून गाभा करायचा, तारेचा सांगाडा, त्यावर क्लेचा थर, त्यानं क्ले पण वाचते आणि भेगा पण कमी पडतात. शाडूत बोटं तयार झालेल्या पोराला एकच गोष्ट नवीन वाटेल, हे वाळत नाही. आठवडाभर सोंडेवरच काम करत बसला तरी क्ले मऊच राहते, फक्त रोज झाकून ठेवा, धूळ बसली की पांढऱ्या रंगाची वाट लागते.