करडई, कुर्तुम आणि बिचारी चिमणी

एका वाचकाचा प्रश्न: ‘अरबीत करडईला उस्फूर म्हणतात आणि उस्फूर म्हणजे चिमणी. चिमण्या करडईचं बी खातात म्हणून हे नाव पडलं का?’

नाही. चिमणी ती ‘उस्फूर’, दीर्घ. करडईचं फूल आणि त्याचा रंग तो ‘उस्फुर’, ऱ्हस्व. आपल्याकडे दिन आणि दीन वेगळे, तसंच हे. चिमणीला यात ओढू नका.

मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. बाटलीवर ‘सॅफ्लॉवर’ वाचून चांगली शिकलेली माणसं ‘केशराचं तेल’ म्हणतात. अहो, करडीचं तेल आहे ते! सॅफ्रन हा शब्द अरबी ‘झाफरान’वरून आला, सॅफ्लॉवर ‘उस्फुर’वरून. उस्फुर इटलीत पोचला, तिथे फुलाला म्हणतात ‘फिओरे’. ते शेपटीला चिकटून ‘असफिओरे’ झालं आणि इंग्रजीत येईपर्यंत ‘फ्लॉवर’. काही कोशकार याचं मूळ ‘अस्फर’ म्हणजे पिवळा या शब्दात शोधतात. मला ते साफ नामंजूर आहे. करडईचा मोलाचा रंग पिवळा नाहीच. पाकळ्या थंड पाण्यात चोळून धुतल्या की पिवळा निघून जातो. उरलेल्या चोथ्यावर क्षाराचं पाणी घातलं की लाल सुटतो आणि त्यात लिंबू पिळलं की खरा कुसुंबी खुलतो. धुऊन टाकायच्या रंगावरून कोण नाव ठेवील?

आणि अरबीत झाडाला, बियांना आणखी एक शब्द आहे, त्याच्यासाठी तर मी हे लिहायला बसलो: ‘कुर्तुम’. शास्त्रीय नावातलं ‘कार्थेमस’ त्यावरूनच आलं, पुढचं ‘टिंक्टोरिअस’ म्हणजे रंगाऱ्याचं. आता आपल्याकडे या. संस्कृत कोशांत करडईला कुसुंभाखेरीज ‘करट’ असंही नाव आहे. वटाचा वड, घटाचा घडा, कीटाची कीड झाली, तशी करटाची करडई. आता करट आणि कुर्तुम शेजारी ठेवून मोठ्याने म्हणा. क, र, ट. कुर्तुममधला ‘त’सुद्धा अरब जड, दाबून उच्चारतात, आपल्या ट च्या जवळ जाणारा. हे पीक मुळात पश्चिम आशियातलं. बी इकडे आलं तेव्हा नाव तिकडेच राहिलं असेल? हा तर्क माझा आहे, पण मी तो सोडणार नाही.

‘करड्या रंगावरून करडई’ असं ठामपणे सांगणारेही भेटतात. त्यांनी एकदा ज्वारीच्या शेताच्या कडेला उभं राहावं. गुरं आत शिरू नयेत म्हणून तिथे करडईच्या काटेरी ओळी लावलेल्या असतात. फूल पिवळं-केशरी, सुकता सुकता लाल होणारं, पान हिरवं, बी पांढरं. त्यात करडं काय आहे ते मला दाखवावं.