वायू दुप्पट भरला तर ऊर्जा चौपट का होत नाही?

प्रश्न : संलयनाची (हलकी अणुकेंद्रकं जुळताना सुटणारी) ऊर्जा घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, असं वाचलं. मग टोकामॅकमध्ये, म्हणजे तप्त, विद्युतभारित वायू (प्लाझ्मा) चुंबकांनी कोंडणाऱ्या कड्याच्या आकाराच्या यंत्रात, दुप्पट वायू का भरत नाहीत?
– बारावीची विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : तुझं गणित बरोबर आहे, पण तापमान तेवढंच टिकलं तर. ते टिकत नाही.

मी एका छोट्या टोकामॅकवर काम करायचे. शॉट, म्हणजे यंत्राची एक छोटी फेरी, चालू असताना वायू जरा जास्त सोडला की पडद्यावर घनतेची रेषा चढायची. पाठोपाठ बोलोमीटरची, म्हणजे प्रारणातून निसटणाऱ्या ऊर्जेची. मग भिंतीलगतच्या चुंबकीय वेटोळ्यांच्या रेषेत थरथर उठायची, वाढत जायची, आणि काही मिलिसेकंदांत प्लाझ्मातला प्रवाह शून्यावर. शॉट गेला! याला डिसरप्शन म्हणतात.

मूळ दुखणं प्लाझ्माच्या कडेला असतं. नवा वायू आधी कड गार करतो. कार्बन, ऑक्सिजनसारख्या भेसळीच्या अणूंचे इलेक्ट्रॉन तप्त गाभ्यात पार उडालेले असतात. गार कडेला मात्र काही चिकटून राहतात आणि तिथं हे अणू भरपूर प्रारण सोडतात. कड आणखी गार होते. गार प्लाझ्माचा विद्युतरोध जास्त, म्हणून प्रवाह आत आकसतो, प्लाझ्माला थराथरांनी धरून ठेवणारे चुंबकीय पृष्ठभाग तुटून त्यांची बेटं होतात आणि गाभ्यातली उष्णता थेट भिंतीवर येते.

एमआयटीचे मार्टिन ग्रीनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये अनेक यंत्रांच्या नोंदींवरून घनतेच्या कमाल मर्यादेचं सूत्र काढलं. फ्रान्समधल्या इटर या मोठ्या टोकामॅकसाठी तूच करून बघ : प्रवाह १५ मेगाअँपिअर, प्लाझ्माच्या छेदाची त्रिज्या २ मीटर. १५ ला पाय (π) गुणिले त्रिज्येच्या वर्गानं भाग. उत्तर सुमारे १.२, त्याला एकावर वीस शून्यांनी गुणलं की घनमीटरमागे कणसंख्या. आपल्या हवेपेक्षा साधारण दोन लाख पट विरळ!

या सूत्रात तापवण्याच्या शक्तीचा उल्लेखच नाही, हे मला कायम खटकायचं. २०२२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या संशोधकांनी ती हिशेबात धरली, तेव्हा इटरची मर्यादा बरीच वर सरकली. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या डीथ्री-डी या टोकामॅकनं ग्रीनवाल्ड मर्यादा २० टक्क्यांनी ओलांडली, तीही उष्णता उत्तम राखून.

म्हणून माझ्या मते वायू किती भरायचा यापेक्षा तो कुठे पोचवायचा, हा खरा प्रश्न आहे. कड विरळ ठेवून गाभा दाट करता येतो. त्यासाठी गोठवलेल्या ड्युटेरियमच्या (जड हायड्रोजनच्या) गोळ्या वेगानं आत मारतात, शक्यतो यंत्राच्या कड्याच्या आतल्या, मधल्या भोकाकडच्या बाजूनं, कारण तिथून सुटलेलं द्रव्य आपोआप गाभ्याकडे सरकतं.