रविवारचा मिक्सर आणि शेजारणीची चिठ्ठी

प्रश्न : शिकायला जर्मनीत येऊन दोन महिने झाले. रविवारी सकाळी चटणी वाटली, तर शेजारच्या आजींनी दाराला चिठ्ठी चिकटवली. मी इथे नकोशी आहे का?

उत्तर : राग मिक्सरवर आहे. तिथे रविवारी आणि सणांच्या सुट्टीला दिवसभर शांतता पाळतात. एरवी साधारण रात्री १० ते सकाळी ६. नेमक्या वेळा इमारतीच्या नियमावलीत, म्हणजे 'हाउसऑर्डनुंग'मध्ये असतात. वाटण, व्हॅक्यूम, ड्रिल शनिवारीच उरका. काचेच्या रिकाम्या बाटल्याही रविवारी कंटेनरमध्ये टाकू नका, खळखळाट होतो. किराणाही आदल्या दिवशीच भरा. रविवारी बहुतेक दुकानं बंद.

पुढची चिठ्ठी फोडणीवरून येईल, म्हणून आधीच सांगतो. धूर झाला तरी जिन्याकडचं दार उघडू नका. खिडकी सताड उघडा, ५ ते १० मिनिटं. हिवाळ्यातही दिवसातून दोन-तीनदा. खिडकी तासन्‌तास नुसती तिरपी, म्हणजे वरून थोडीशी आत कलती ठेवली, तर आजूबाजूची भिंत गार पडते, वाफ तिथेच धरते, बुरशी येते आणि घर सोडताना डिपॉझिटवरून वाद होतो.

आजींची बेल वाजवा, 'एन्टशुल्डिगुंग', म्हणजे 'माफ करा' म्हणा, आडनाव सांगा. चटणी मात्र दुसऱ्या भेटीत.