टोल रस्ता दारातून जाणार? हरकतीची मुदत आधी पाहा

मुंबईच्या उपनगरांतून येणाऱ्या बहुतेक पत्रांत गोंधळ एकच आहे. प्रस्तावित टोल रस्त्याला वस्तीचा विरोध ठाम आहे, पण तो ज्या कार्यालयात नोंदवायला हवा तिथे पोचलेलाच नाही. म्हणून या वेळी सगळी उत्तरं याच विषयावर.

प्रश्न : सोसायटीच्या ग्रुपवर फिरणाऱ्या नकाशात रस्त्याची लाल रेघ आमच्या बी विंगवरून जाते. खरं मानायचं का? – एक वाचक, चारकोप

नाही. सीटीएस क्रमांक (नगर भूमापनातला भूखंडाचा क्रमांक) देऊन महापालिकेकडून विकास आराखडा (डीपी) 2034 चे डीपी रिमार्क्स, म्हणजे तुमच्या भूखंडाविषयीचे लेखी शेरे, घ्या. तुमच्या भूखंडावरचं आरक्षण, डीपी रस्ता, रोडलाइन (रस्त्याच्या हद्दीची ठरलेली रेषा) त्यात कळते. तिथे रस्ता नसला तरी निर्धास्त होऊ नका, कारण फेरबदल करून तो नंतरही आणता येतो. ज्या यंत्रणेचा प्रकल्प आहे तिच्याकडे माहिती अधिकारात अलाइनमेंटचा, म्हणजे रस्ता नेमका कुठून जाणार त्याचा, नकाशा मागा. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. हाती आलेला कागद वास्तुविशारदाला दाखवल्याशिवाय ग्रुपवर टाकू नका.

प्रश्न : स्थानिकांना टोल माफ असतो ना? दोन नाक्यांत 60 किलोमीटर अंतर लागतं, असंही ऐकलं. – एक वाचक, मुलुंड

असं गृहीत धरू नका. 60 किलोमीटरचा नियम राष्ट्रीय महामार्गांचा आहे. राज्य सरकारच्या रस्त्यावर टोलचे दर आणि सवलती शासनाच्या अधिसूचनेवर ठरतात. ऑक्टोबर 2024 मध्ये हलक्या वाहनांना माफी मिळाली ती मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर. अटल सेतूवर टोल आहेच.

प्रश्न : ऑनलाइन निवेदनावर हजारो सह्या झाल्या, मानवी साखळीही झाली. ही हरकत धरली जाईल का? – सोसायटीच्या सचिव, बोरिवली

नाही, आणि हे मला सविस्तर लिहायलाच हवं. सह्यांमुळे आमदार आणि वर्तमानपत्रं लक्ष देतात, ते मोलाचं आहे. पण कायद्याच्या फाइलमध्ये साखळीची नोंद होत नाही.

विकास आराखड्यात नसलेला रस्ता घालायचा किंवा असलेल्याची जागा बदलायची, तर साधारणपणे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 37 खाली फेरबदलाची सूचना निघते. राजपत्रात आणि वर्तमानपत्रात ती छापतात. सूचना-हरकतींसाठी एक महिना असतो. सुनावणी मिळते ती हरकत देणाऱ्यांना. हा महिना सभा, बॅनर आणि ‘पुढच्या रविवारी ठरवू’ यात निघून जातो, आणि मग तिसाव्या दिवसानंतर मला पत्रं येतात.

‘जनसुनावणी होईलच, तिथे बोलू’ हा दुसरा घातक समज. 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेतली जनसुनावणी शहरातल्या प्रत्येक रस्त्याला लागू होत नाही. भूसंपादनाची प्राथमिक अधिसूचना निघाल्यावर 2013 च्या कायद्याने 60 दिवस मिळतात, ते जमिनीत हितसंबंध असलेल्यांना. आणि तोवर रस्ता कुठून जाणार हे बहुतेक ठरलेलं असतं.

हरकत सूचनेत नमूद केलेल्या अधिकाऱ्याच्याच नावे द्या. सीटीएस क्रमांक, इमारतीपासून रेषेचं मोजलेलं अंतर आणि अग्निशमन बंब आत कुठून येणार, हे लिहा. निवासी क्षेत्रात आवाजाची मर्यादा दिवसा 55, रात्री 45 डेसिबल आहे. प्रकल्पानंतर ती कशी पाळणार, हे विचारा. टोल चुकवायला वाहनं कोणत्या गल्ल्यांत शिरतील याचा वाहतूक अभ्यास मागा, कारण हा त्रास नाक्यावर दिसत नाही, शाळेच्या फाटकावर दिसतो. वस्तीतल्यांना चढायला-उतरायला रॅम्प आहेत का, की भिंत उभी राहून बाजार पलीकडे जाणार, तेही विचारा. शक्य असेल तर पर्यायी मार्ग नकाशावर आखून द्या.

कमिटीचा ठराव जोडा, शिवाय प्रत्येक घराने आपल्या शब्दांत वेगळी हरकत द्या. एकाच मजकुराच्या शंभर झेरॉक्स दिल्या तर अहवालात तो एकच मुद्दा होतो. पोचेचा शिक्का असलेली प्रत जपा. मसुदा मात्र नगररचना जाणणाऱ्या सल्लागाराकडून तपासून घ्या, आणि तो आजच गाठा.

प्रश्न : एक विकासक म्हणतो, रस्ता आला की जागेला भाव राहणार नाही, आत्ताच पुनर्विकासाला संमती द्या. – एक वाचक, भांडुप

सही करू नका. भीती दाखवून संमती गोळा करण्याचा हा जुना धंदा आहे, आणि ज्येष्ठ सभासद त्यात सर्वात आधी सापडतात. रस्त्यात जमीन गेलीच, तर रोख मोबदला, टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा चटईक्षेत्र (त्याच भूखंडावर बांधकामाचा हक्क) हे हक्क सोसायटीचे आहेत. घाईच्या करारात ते विकासकाच्या नावे लिहून जातात. पुनर्विकास सहकार कायद्याच्या कलम 79 अ च्या निर्देशांनुसार, सर्वसाधारण सभा घेऊन होतो, जिन्यात घेतलेल्या सह्यांवर नाही. सोसायटीचा स्वतःचा वकील नेमा. विकासकाने सुचवलेला नको.

प्रश्न : आमची झोपडी रस्त्यात जाते. 2004 पासून राहतो. घर मिळेल का? – एक वाचक, मालाड

झोपडपट्टी कायद्यात 1 जानेवारी 2000 पर्यंतच्या झोपड्यांना मोफत आणि त्यानंतर 1 जानेवारी 2011 पर्यंतच्यांना सशुल्क पुनर्वसनाची तरतूद आहे. तुमचं पुनर्वसन नक्की कोणत्या धोरणाखाली होणार हे प्रकल्प यंत्रणेकडून लेखी घ्या. वीजबिलं, मतदार यादीतलं नाव, शिधापत्रिका यांच्या प्रती सर्वेक्षणाआधी जुळवा. मूळ कागद एजंटाच्या हाती देऊ नका. पैसे घेऊन ‘पात्र करून देतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा आणि विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत सल्ला मागा.

प्रश्न : झाडांवर नोटीस लागली आहे. किती वेळ आहे? – एक वाचक, ओशिवरा

सात दिवस. वृक्ष प्राधिकरणाकडे लेखी हरकत द्या, झाडांचे क्रमांक आणि फोटो जोडून.

प्रश्न : थेट उच्च न्यायालयात जावं का? – एक वाचक, कांदिवली

आधी हरकतीची पोच आणि सुनावणीचा आदेश हातात असू द्या; अर्ज न करता आलेल्याला न्यायालय तेच पहिलं विचारतं. पण आदेश मिळाल्यावर महिने घालवू नका. काम सुरू होऊन खांब उभे राहिले की विलंबाचा मुद्दा तुमच्याविरुद्ध जातो. आदेशाची प्रमाणित प्रत त्याच आठवड्यात वकिलाला दाखवा.