वनराज भाटिया यांचे दुर्लक्षित राहिलेले काम कोणते, आणि ते ऐकायला सुरुवात कुठून करावी?

आपला प्रश्न असा आहे की, संगीतकार वनराज भाटिया यांचे नाव निघाले की ‘मंथन’मधले गाणे आणि ‘भारत एक खोज’चे शीर्षकगीत यांच्यापुढे कोणी जातच नाही; तर चित्रपटसंगीतात त्यांनी केलेले, पण फारसे ऐकले न गेलेले काम कोणते? आपण घातलेली ‘चित्रपटसंगीतात’ ही मर्यादा थोडी ओलांडूनच मला उत्तर द्यावे लागेल. माझ्या मते त्यांचे सर्वांत उपेक्षित काम पडद्याबाहेरचे आहे, आणि ते एकदा कानावरून गेल्याशिवाय पडद्यावरच्या कामातले कौशल्य पुरते लक्षात येत नाही.

त्यांचा जन्म १९२७ चा, मुंबईतल्या कच्छी व्यापारी कुटुंबातला. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून इंग्रजी विषयात एम. ए. झाल्यावर ते लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये रचनाशास्त्र शिकले आणि तेथून पॅरिसला नादिया बुलांजे यांच्याकडे गेले. आरन कोपलंड, अस्तोर पियाझोला, क्विन्सी जोन्स असे एकमेकांशी अजिबात न जुळणारे संगीतकार ज्या एकाच बाईंच्या हाताखालून गेले, त्या या बुलांजेबाई. १९५९ मध्ये भाटिया भारतात परतले तेव्हा त्यांच्याजवळची विद्या सोनाटा आणि फ्यूग असे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतातले रचनाप्रकार लिहिण्याची होती, आणि तिला गिऱ्हाईक जवळजवळ नव्हते. काही वर्षे त्यांनी दिल्ली विद्यापीठात पाश्चात्त्य संगीत शिकवले आणि जाहिरातींसाठी सुरावटी लिहायला घेतल्या. त्या सुरावटींची संख्या पुढे काही हजारांवर गेली. लिरिल साबणाच्या जाहिरातीतले धबधब्याखालचे ‘ला ला ला’ त्यांचेच. ते गुणगुणणाऱ्या कोट्यवधी लोकांना संगीतकाराचे नाव ठाऊक नसणार, हाही दुर्लक्षाचाच एक प्रकार म्हणायचा. जाहिरातीच्या क्षेत्रातूनच आलेल्या श्याम बेनेगल यांनी १९७४ मध्ये ‘अंकुर’ केला, आणि त्या चित्रपटापासून भाटियांची चित्रपटातली वाट सुरू झाली.

आता मुख्य मुद्दा. त्यांच्या मैफलीसाठीच्या रचनांपैकी सर्वांत आधी पियानोसाठी लिहिलेली ‘फँटसिया अँड फ्यूग इन सी’ ऐकावी. ही १९९९ ची रचना आहे, म्हणजे सत्तरी ओलांडल्यानंतरची. फ्यूग या प्रकारात एक छोटी स्वरकल्पना आधी एकटी येते. ती पुढे चालू असतानाच तीच कल्पना दुसऱ्या पट्टीत दुसरा आवाज उचलतो, मग तिसरा. आणि आधीचे आवाज थांबत तर नाहीतच, उलट ते आपापले वेगळे म्हणणे मांडत राहतात. भजनात टाळकऱ्यांनी ओळ उचलली की सगळे मिळून एकच चाल म्हणतात. येथे तसे नाही. येथे प्रत्येक आवाज स्वतंत्र वाक्य बोलत असतो आणि तरीही ती सगळी वाक्ये क्षणोक्षणी एकमेकांशी जुळलेली असावी लागतात.

नागपुरात धरमपेठेत आम्ही काही मंडळी अधूनमधून कोणाच्या तरी घरी बसून ध्वनिमुद्रणे ऐकतो. त्या बैठकीत मी फ्यूगचा एक नमुना लावला होता. आमच्यातले एक ज्येष्ठ हार्मोनियमवादक, ज्यांचे सारे आयुष्य ख्यालगायकीच्या साथीत गेले आहे, डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिले आणि मग म्हणाले, “ते सगळं ठीक आहे हो, पण यात गाऊन कोण राहिलं अन् साथ कोण करून राहिलं, तेवढं सांगा ना!” सगळे हसले, परंतु त्यांनी अगदी नेमक्या जागी बोट ठेवले होते. फ्यूगमध्ये साथीदार नसतोच. आपला कान मुख्य आणि साथ अशी विभागणी करूनच ऐकायला सरावलेला आहे, आणि भाटियांचे मैफलीचे संगीत आपल्याकडे रुजले नाही त्याचे एक कारण हेच असावे, असे मला वाटते. या हार्मोनियमवादक काकांनी ती रचना पुन्हा लावायला सांगितली आणि दुसऱ्या खेपेस फक्त डाव्या हाताचे स्वर ऐकले. नव्याने ऐकणाऱ्या कोणालाही मी हीच युक्ती सुचवीन.

यानंतर तंतुवाद्यांच्या समूहासाठी लिहिलेली ‘सिंफोनिया कन्चर्तान्ते’ ही २००१ ची रचना घ्यावी, आणि ‘सिक्स सीझन्स’ हे ऋतूंवरचे गीतचक्रही, म्हणजे एका सूत्रात ओवलेल्या गीतांची मालिका. या गीतचक्राचे साल १९८८ आहे, ही गोष्ट मला विशेष लक्षणीय वाटते. कारण ‘तमस’ आणि ‘भारत एक खोज’ दूरदर्शनवर दिसू लागले तेही त्याच वर्षी. ज्या वर्षी घराघरांत त्यांचे संगीत वाजत होते, त्याच वर्षी हा माणूस मूठभर श्रोत्यांसाठीही लिहीत होता, आणि आपल्याला त्यातली एकच बाजू माहीत झाली. ‘रेव्हरी’ या त्यांच्या रचनेला मात्र उशिरा का होईना, मोठा वादक लाभला: जगप्रसिद्ध चेलोवादक यो-यो मा यांनी जानेवारी २०१९ मध्ये ती मुंबईत वाजवली. तेव्हा भाटिया एक्क्याण्णव वर्षांचे होते. ७ मे २०२१ रोजी त्यांचे निधन झाले.

आपली खरी विचारणा चित्रपटांविषयी आहे, म्हणून आता तिकडे वळतो. एकच गोष्ट ऐकायला वेळ असेल तर कुमार शहानी यांच्या ‘तरंग’ (१९८४) या चित्रपटातले ‘बरसे घन सारी रात’ ऐकावे. शब्द कवी रघुवीर सहाय यांचे, आवाज लता मंगेशकरांचा. अमोल पालेकर आणि स्मिता पाटील यांच्या भूमिका असलेला हा चित्रपट, उद्योगपतीचे घराणे आणि कामगार यांच्या संघर्षाचा. तो फार कमी लोकांनी पाहिला आणि त्याबरोबर गाणेही मागे पडले. लताबाईंच्या उत्तम गाण्यांच्या कोणत्याही यादीत ते सहसा नसते, याचे मला मनापासून वाईट वाटते. चाल संथ आहे, आणि ऐकणाऱ्याला जिंकण्याची कोणतीही घाई तिला नाही.

अपर्णा सेन यांचा ‘३६ चौरंगी लेन’ (१९८१) आणि विजया मेहता यांचा ‘पेस्तनजी’ हे दोन चित्रपट मी एकत्र सुचवतो. पहिल्यात कोलकात्यातली एक वयस्क अँग्लो-इंडियन शिक्षिका आहे, दुसऱ्यात मुंबईतली पारशी घरे. पाश्चात्त्य संगीत हे या माणसांच्या घरातलेच संगीत होते, बाहेरून लावलेला साज नव्हे. त्यामुळे एरवी हिंदी चित्रपटात व्हायोलिनांचा ताफा आला की तो भावना फुगवण्यासाठी आला आहे हे कळते, तसे येथे होत नाही. भाटिया पात्रांच्याच भाषेत बोलतात. मराठी रंगभूमीवर प्रेम करणाऱ्यांनी विजयाबाईंचा ‘पेस्तनजी’ निदान संगीतासाठी तरी पुन्हा पाहावा.

‘भूमिका’ (१९७७) दुर्लक्षित आहे असे कोणी म्हणणार नाही, पण त्यातले संगीताचे काम दुर्लक्षित आहे. अभिनेत्री हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर आधारलेल्या या चित्रपटात नायिकेची कारकीर्द अनेक वर्षांची आहे, आणि चित्रपटातल्या चित्रपटांची गाणी त्या त्या काळातली वाटली पाहिजेत अशी अट होती. जुनी गाणी विकत घेण्याऐवजी भाटियांनी ती नव्याने रचली, आणि ती इतकी बेमालूम उतरली की पुष्कळांना ती जुनीच वाटतात. संगीतकाराने आपली सही पुसून टाकणे हेच ज्या कामाचे यश, त्याचे श्रेय त्याला कसे मिळावे? त्यातल्या ‘तुम्हारे बिन जी ना लागे’ला आवाज प्रीती सागर यांचा आहे; त्यांचे ‘मंथन’मधले गाणे पुढे अमूलच्या जाहिरातीमुळे अमर झाले आणि हे त्या सावलीत राहिले.

‘भारत एक खोज’विषयी थोडे वेगळे सांगायचे आहे. ऋग्वेदातल्या नासदीय सूक्ताची संस्कृत ऋचा आणि मग समूहस्वरातले ‘सृष्टि से पहले सत नहीं था’ हे सगळ्यांच्या ओठांवर आहे. ते हिंदी रूप वसंत देव यांचे, म्हणजे तेंडुलकरांची नाटके हिंदीत नेणाऱ्या मराठी माणसाचे. परंतु मालिकेचे एकूण त्रेपन्न भाग आहेत, आणि प्रत्येक कालखंडाला साजेसे संगीत त्यात आहे. शीर्षकगीतापाशीच न थांबता एखादा आतला भाग चित्र न पाहता नुसता ऐकावा. समूहस्वर ऐकताना खालच्या पट्टीतल्या आवाजांवर लक्ष ठेवावे. मंत्राची चाल तशीच राहते आणि तिच्याखाली सुरांची बांधणी बदलत जाते. पॅरिसमधले शिक्षण येथे कामाला आलेले दिसते, आणि आमच्या काकांची डाव्या हाताची युक्तीही.

‘तमस’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा त्याविषयी मी वेगळे लिहीत नाही. ‘जाने भी दो यारों’ लोकांना पाठच आहे. नव्वदच्या दशकात भाटियांनी ‘दामिनी’, ‘परदेस’ अशा धंदेवाईक चित्रपटांनाही पार्श्वसंगीत दिले; ते सफाईदार आहे, पण तेथे हा संगीतकार इतर चार जणांपासून वेगळा ओळखू येत नाही, म्हणून ते नाही ऐकले तरी चालेल.

शेवटी राहिला ‘अग्निवर्षा’ हा ऑपेरा, म्हणजे गाण्यातूनच सादर होणारे पाश्चात्त्य पद्धतीचे संगीतनाट्य. गिरीश कार्नाड यांच्या, महाभारतातल्या यवक्रीच्या कथेवरून लिहिलेल्या नाटकावर तो आधारलेला आहे आणि इंग्रजीत आहे. त्याचा काही भाग २०१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सादर झाला, त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली. त्याचे काही हाती लागले तर आधी कार्नाडांचे मूळ नाटक वाचून घ्यावे. पावसासाठी मांडलेला यज्ञ, परावसू आणि अर्वसू यांच्यातला ताण, नित्तिलेचा शेवट हे ठाऊक असले की गाणारा कोण आणि काय गातो आहे, हे शोधण्यात लक्ष वाया जात नाही.