वाचकांचे प्रश्न : जुना कागदी नकाशा आजच्या जमिनीवर बसवताना

प्रश्न : आमचे मूळ गाव उजनी धरणाच्या बुडीत क्षेत्रात गेले. वडिलांनी जपून ठेवलेला, एक इंचास एक मैल प्रमाणाचा भारतीय सर्वेक्षण विभागाचा जुना नकाशा माझ्याकडे आहे. त्याचे मोबाइलवर छायाचित्र काढून मी क्यूजीआयएस या नकाशे हाताळण्याच्या मोफत संगणक-प्रणालीत ते आजच्या उपग्रहचित्रावर बसवले. नकाशा आणि चित्र जुळवण्यासाठी दोहोंवर ओळखता येणारे तीन बिंदू दिले, त्यात आमच्या आणि शेजारच्या गावाचे नाव धरले. प्रणालीने त्रुटी शून्य दाखवली, तरीही डिकसळचा जुना पूल जागेवर पडत नाही आणि बिंदू बदलले की आमचे गाव दर वेळी नव्या ठिकाणी दिसते. चूक कुठे होत असावी? (इंदापूर तालुक्यातील एक वाचक)

उत्तर : सर्वप्रथम त्या शून्यावरचा विश्वास काढून घ्यावा. नकाशाला सरकवणे, फिरवणे, दोन दिशांना वेगवेगळ्या प्रमाणात ताणणे आणि तिरपा करणे या साध्या रूपांतरणात सहा अज्ञात संख्या असतात आणि तीन बिंदू नेमकी सहा समीकरणे देतात. त्यामुळे उत्तर नेहमीच तंतोतंत जुळते, मग तिन्ही बिंदू चुकीचे असले तरीही. नकाशाला वक्र वळू देणाऱ्या, दुसऱ्या घाताच्या बहुपदी रूपांतरणात सहा बिंदूंना आणि तिसऱ्या घाताच्या रूपांतरणात दहा बिंदूंना हेच घडते. ‘थिन प्लेट स्प्लाइन’ नावाची पद्धत तर दिलेल्या प्रत्येक बिंदूतून नकाशा ओढूनच नेते, म्हणून तिथे दिसणाऱ्या त्रुटीला काहीच अर्थ उरत नाही. आवश्यकतेपेक्षा बरेच अधिक बिंदू घ्यावेत, त्यांतले काही रूपांतरणात मुळीच वापरू नयेत आणि नकाशा बसल्यावर ते किती अंतराने चुकतात ते मोजावे. मी केवळ या बाजूला ठेवलेल्या बिंदूंवरची त्रुटीच खरी मानतो.

आपण निवडलेल्या बिंदूंमध्ये याहून मोठी अडचण आहे. धरणाखाली गेलेल्या गावांचे पुनर्वसन झाले तेव्हा नव्या गावठाणांनी जुनीच नावे धारण केली. पळसदेव हे त्याचे ठळक उदाहरण आहे : जुने गाव पाण्याखाली गेले, पळसनाथाचे प्राचीन मंदिर उन्हाळ्यात पाणी उतरले की बाहेर येते आणि आजचे पळसदेव महामार्गालगत आहे. नावाला नाव जुळवले की जुने गावठाण नव्या गावठाणावर जाऊन बसते आणि सारा नकाशा त्या दिशेने ओढला जातो. नदीचा काठही या भागात उपयोगाचा नाही, कारण भीमेचे जुने पात्र आज जलाशयाच्या पोटात आहे.

म्हणून माझा आग्रह असा की सुरुवातीला उपग्रहचित्र बंद ठेवावे आणि नकाशाला त्याच्याच चौकटीत बसवावे. सर्वेक्षण विभागाच्या क्रमांकपद्धतीत आपला परिसर ४७ जे या विभागात येतो. हा विभाग १८ ते १९ अंश उत्तर अक्षांश आणि ७४ ते ७५ अंश पूर्व रेखांश व्यापतो, त्याचे सोळा भाग पडतात आणि प्रत्येक भागाचे पत्रक, म्हणजे स्वतंत्र नकाशा, पंधरा मिनिटे बाय पंधरा मिनिटांचे असते (एक अंश म्हणजे साठ मिनिटे). भिगवण ४७ जे/१५ मध्ये आणि पळसदेव त्याच्या दक्षिणेच्या ४७ जे/१६ मध्ये सापडेल. पत्रकावर पाच-पाच मिनिटांच्या अक्षांश-रेखांशांच्या खुणा असतील तर त्यांचे सोळा छेदबिंदू मिळतात, आणि त्यांचे मूल्य नकाशावरच छापलेले असल्यामुळे त्यासाठी कोणताही अंदाज करावा लागत नाही. हे सोळाही बिंदू द्यावेत; पडताळणीसाठी बाजूला ठेवायचे बिंदू पुढे जमिनीवरून वेगळे घेऊ. कागद हवेतील ओलाव्याने लांबीत आणि रुंदीत सारखा आकसत नाही, आणि कापडावर चिकटवलेल्या, घड्या घातलेल्या नकाशात तर प्रत्येक घडीचा तुकडा थोडा वेगळा वागतो. पत्रकाचा नकाशाभाग सुमारे ४४ सेंटिमीटर उंच असतो. त्यात केवळ अर्ध्या टक्क्याने फरक पडला तरी तो २.२ मिलिमीटर, म्हणजे जमिनीवर सुमारे १४० मीटर होतो. छेदबिंदूंवर उरणाऱ्या त्रुटी पाहिल्या की कागद कुठे आकसला आहे हे स्पष्ट दिसते.

याच कारणासाठी मोबाइलचे छायाचित्र बाजूला ठेवावे. भिंगाचा बाक आणि कॅमेऱ्याचा तिरपेपणा यांचा दोष कागदाच्या दोषात मिसळला की कोणता कशाचा हे पुढे सांगता येत नाही. नकाशाभाग ए-३ आकाराच्या स्कॅनरवर पूर्ण मावत नाही, त्यामुळे मोठ्या नकाशांसाठीचा स्कॅनर असलेल्या ठिकाणी, पत्रक न वाकवता, ४०० डीपीआयवर (दर इंचास ४०० चित्रबिंदू) स्कॅन करून टिफ स्वरूपात जतन करावे. या घनतेला एक चित्रबिंदू जमिनीवर सुमारे चार मीटरचा होतो. मूळ नकाशातील बारीकशी रेघसुद्धा त्याहून रुंद असते, म्हणून अधिक घनतेचा हव्यास धरू नये. मूळ स्कॅनची प्रत कधीही बदलू नये, सारे काम तिच्या नकलेवर करावे.

आता सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाणारी गोष्ट. आपल्या पत्रकावरचे अक्षांश-रेखांश आजच्या जीपीएसचे नाहीत. एकोणिसाव्या शतकातील भारताच्या मोजणीचे, म्हणजे महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे, काम पुढे नेताना जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये पृथ्वीच्या आकाराची जी मापे ठरवली, त्यांतील विषुववृत्तीय त्रिज्या आज जगभर वापरल्या जाणाऱ्या, जीपीएसच्या डब्ल्यूजीएस ८४ या मापपद्धतीतील त्रिज्येपेक्षा सुमारे ८६० मीटरने कमी आहे. शिवाय त्या मोजणीचा आधारबिंदू मध्य प्रदेशातील कालियानपूर येथे होता. भारतीय उपखंडापुरती ती मापे उत्तम जमत होती, पण त्या पद्धतीतील अंक आजच्या पद्धतीत जसेच्या तसे लिहिले तर पुणे-सोलापूर परिसरात शंभर ते दीडशे मीटरचा सरक येतो. म्हणून छेदबिंदू देताना निर्देशप्रणाली (अक्षांश-रेखांश कोणत्या मापपद्धतीतले आहेत ते सांगणारा पर्याय) म्हणून डब्ल्यूजीएस ८४ निवडू नये. पत्रकाच्या काळानुसार कालियानपूर १९३७ किंवा कालियानपूर १९७५ निवडावी आणि रूपांतर प्रणालीकडून करून घ्यावे. पत्रक विसाव्या शतकाच्या आरंभापूर्वीचे असेल तर आणखी सावध राहावे. त्या काळचे रेखांश मद्रास वेधशाळेच्या जुन्या मूल्यावर आधारलेले होते आणि त्यांत सुमारे अडीच मिनिटांची दुरुस्ती करावी लागते. आपल्या अक्षांशावर अडीच मिनिटे म्हणजे जवळजवळ साडेचार किलोमीटर. अशा पत्रकांच्या तळाशी याची टीप छापलेली आढळते, पण समास कापून ठेवलेल्या नकाशात नेमकी तीच हरवलेली असते. समासासह स्कॅन करा असे मी सर्वांना सांगतो ते यासाठीच.

एवढे झाल्यावर मगच उपग्रहचित्र उघडावे आणि जे जागेवरून हललेले नाही त्याच्याशी नकाशा पडताळावा. डिकसळचा पूल मूळचा रेल्वेचा आणि नंतर रस्त्याच्या वाहतुकीला लावलेला असल्यामुळे त्याचे स्थान उत्तम साक्षीदार आहे. पळसनाथाच्या मंदिरासाठी मे-जूनमधले, पाणी उतरलेल्या वर्षाचे चित्र निवडावे. टेकड्यांवरील मोजणीची त्रिकोणमितीय ठाणी आणि धरणाच्या पाण्यापासून दूर असलेली जुनी देवळेही उपयोगी पडतील. धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि जमिनीची चित्रे घेणाऱ्या अमेरिकी लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह १९७२ मध्ये सोडला गेला, म्हणजे जलाशय भरण्यापूर्वीची भीमा त्या चित्रांत दिसू शकते. चित्रे भरड आहेत, घर दिसणार नाही, पण नदीचे वळण दिसेल. अमेरिकेच्या कोरोना हेरगिरी उपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात घेतलेली आणि १९९५ मध्ये खुली करण्याचा निर्णय झालेली छायाचित्रे यांहून कितीतरी स्पष्ट आहेत. आपल्या परिसराचे ढगविरहित चित्र त्यांत आहे का, हे अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या अर्थ एक्सप्लोरर संग्रहात शोधावे. तसे चित्र मिळाले तर जुना नकाशा आणि आजची जमीन यांना जोडणारा तो सर्वांत भक्कम दुवा ठरेल.

पडताळणीत काही ठिकाणे साठ-सत्तर मीटरने चुकली तर नकाशा आणखी ओढून त्यांवर बसवू नये, ही कळकळीची विनंती. या प्रमाणात एक मिलिमीटर म्हणजे ६३ मीटर, आणि एवढी ढिलाई हाताने काढलेल्या नकाशात स्वाभाविक आहे. त्याहून मोठी तफावत एकाच ठिकाणी आढळली तर ती माहिती म्हणून नोंदवावी : तेथे ओढ्याने पात्र बदलले असेल, रस्ता सरकला असेल किंवा मोजणीदाराने ते ठिकाण दुरून पाहून काढले असेल. ताणून जुळवलेल्या नकाशात यातले काहीच उरत नाही.

शेवटी वाड्या, विहिरी, पाणंदी आणि देवळे वेगवेगळ्या स्तरांवर गिरवून घ्यावीत आणि प्रत्येक नोंदीपुढे नकाशाच्या छपाईचे नव्हे, मोजणीचे वर्ष लिहावे, कारण दोहोंत अनेकदा पुष्कळ वर्षांचे अंतर असते. आपले गाव किती बुडाले हेही नकाशावरून पाहता येईल. जलाशयाची पूर्ण संचय पातळी ४९६.८३ मीटर, म्हणजे १६३० फूट आहे, आणि जुन्या पत्रकांवरील उंची फुटांतच असते. १६०० आणि १६५० फुटांच्या समोच्चरेषा (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) दिलेल्या असतील तर बुडिताची सीमा त्या दोहोंच्या मध्ये पडेल.

प्रश्न : आमच्या गावच्या जुन्या गावनकाशावरून पाणंद रस्ते आणि बुजलेल्या विहिरी शोधण्याचे काम शाळेतील मुलांना द्यायचे आहे. त्यावर अक्षांश-रेखांश नाहीत. तो जमिनीवर कसा बसवावा, आणि बांधावरून चालणाऱ्या वादात असा नकाशा पुरावा म्हणून दाखवता येईल का? (करमाळा तालुक्यातील एक शिक्षिका)

उत्तर : उत्तरार्धाचे उत्तर आधी देतो : नाही. संगणकावर बसवलेला गावनकाशा कितीही सुबक दिसला तरी हद्द ठरवण्याचा अधिकार भूमी अभिलेख विभागाच्या मोजणीलाच आहे, आणि शाळेचा प्रकल्प दोन भाऊबंदांच्या भांडणात ओढला जाणार नाही याची काळजी आपण पहिल्या दिवसापासून घ्यावी.

गावनकाशाला आकाशातला, म्हणजे अक्षांश-रेखांशांचा, आधार नाही, त्याचा आधार जमिनीवरच्या मोजणीच्या साखळीत आहे. मुंबई इलाख्यातील शेतजमिनीच्या पद्धतशीर मोजणीचा पाया गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३५-३६ च्या सुमारास आपल्या शेजारच्या इंदापूर तालुक्यातच घातला, ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. या मोजणीतील साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे, आणि एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर होतो तो या हिशेबाने. एक आणा साधारण दोन फुटांचा असल्यामुळे टिपणात, म्हणजे मोजणीच्या वेळी केलेल्या नोंदीत, लिहिलेली मापे बरीच बारीक असतात. उलट नकाशा आठ इंचास एक मैल प्रमाणाचा असेल तर पेन्सिलीची रेघच जमिनीवर दोन मीटरहून रुंद होते. म्हणजे चित्रापेक्षा आकडे अधिक विश्वासार्ह आहेत, आणि ज्या गटांची टिपणे मिळतील त्यांची आकृती नकाशावरून गिरवण्याऐवजी टिपणातील मापांवरून नव्याने काढावी.

नियंत्रण बिंदूंसाठी (नकाशा आणि जमीन जुळवण्याच्या खुणांसाठी) तीन गावांच्या शिवा जेथे मिळतात ते दगड, जुनी बांधीव विहीर आणि गावठाणाबाहेरचे देऊळ निवडावे. मुलांनी वयस्कर शेतकऱ्यांना बरोबर घेऊन तिथे जावे आणि जीपीएसवर स्थान नोंदवावे. मोबाइलचे जीपीएस मोकळ्या आकाशाखालीही काही मीटर चुकते, म्हणून एकाच दगडाची नोंद वेगवेगळ्या दिवशी घेऊन सरासरी काढणे बरे. बिंदू गावाच्या चारही टोकांना आणि मध्यावर विखुरलेले असावेत. सारे एकाच बाजूला एकवटले तर दुसरी बाजू भलतीकडे जाते. आजचे डांबरी रस्ते आणि कालवे मात्र बिंदू म्हणून घेऊ नयेत. ओढ्याचे वळण नाइलाज असेल तरच घ्यावे. पाणंद शोधताना नकाशावरची दुहेरी रेघ आणि जमिनीवर उरलेली झाडांची रांग यांचा मेळ बसला, तर ती जागा मुलांनी छायाचित्रासह नोंदवावी.

प्रश्न : पदव्युत्तर प्रबंधासाठी मी इंग्रज नकाशाकार जेम्स रेनेल यांचा १७८२ चा हिंदुस्थानचा नकाशा घेतला आहे. त्यातील पश्चिम किनारा आणि दख्खनमधील शहरे उपग्रहचित्रावर नेमकी बसवण्यासाठी कोणते रूपांतरण वापरावे? (एक भूगोल विद्यार्थी, पुणे)

उत्तर : कोणतेही वापरले तरी तो नकाशा नेमका बसणार नाही, आणि बसवूही नये. महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची सुरुवात ठरलेली आधाररेषा, म्हणजे जमिनीवर प्रत्यक्ष मोजलेली पायाभूत रेषा, ब्रिटिश मोजणी अधिकारी लॅम्बटन यांनी मद्रासजवळ १८०२ मध्ये मोजली. रेनेल यांचे काम त्याच्या वीस वर्षे आधीचे आहे. त्यांच्या नकाशातील बंगालचा भाग मोजणीवर उभा आहे, पण अंतर्भागातील कित्येक शहरे लष्कराच्या आणि प्रवाशांच्या मार्गनोंदींतील अंतरे जुळवून व मोजक्या खगोलीय निरीक्षणांच्या आधारे बसवलेली आहेत. अशा नकाशाला स्प्लाइनने ओढून किनाऱ्यावर चिकटवले तर रेनेल यांना दख्खन किती आणि कोणत्या भागात ठाऊक होते, हा आपल्या प्रबंधाचा खरा विषयच पुसला जातो.

याऐवजी नकाशाच्या स्वतःच्या अक्षांश-रेखांशांवर साधे रूपांतरण करावे. त्यानंतर पुणे, सातारा, औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर), गोवा, सुरत अशा निश्चित ओळखता येणाऱ्या ठिकाणांचे नकाशातील स्थान आणि आजचे स्थान यांना जोडणारे बाण काढावेत. रेखांशाचा आरंभ कोणत्या ठिकाणापासून धरला आहे तेही आधी पाहावे. सर्व बाण एकाच दिशेला सारख्याच लांबीचे असतील तर दोष आरंभरेषेत किंवा आधारभूत निरीक्षणात आहे. ते किनाऱ्यापासून आत जाताना लांबत गेले तर माहिती कोणत्या मार्गाने आली याचा तो धागा आहे, आणि एखादेच शहर विपरीत दिशेला गेले असेल तर त्या शहराच्या नावाची ओळख पुन्हा तपासावी. मोडी लिपीतील जुन्या नकाशांनाही, ज्यांत दिशा आणि प्रमाण आजच्या अर्थाने पाळलेले नसते, हीच रीत लावावी. तेथे ठिकाणांचा परस्परक्रम, शेजार आणि वाटा तपासाव्यात, अंतरे मोजू नयेत.

प्रबंधाच्या परिशिष्टात प्रत्येक नियंत्रण बिंदूचे नाव, नकाशावरील स्थान, आजचे स्थान आणि उरलेली त्रुटी यांची सारणी द्यावी, आणि क्यूजीआयएसमध्ये तयार होणारी बिंदूंची फाईल मूळ स्कॅनसोबत विभागाच्या संग्रहात ठेवावी, म्हणजे पुढच्या विद्यार्थ्याला आपले काम पहिल्यापासून तपासता येईल.