बाथरूमचे सांडपाण्याचे पाइप फरशीखालून नेले तर चालतं का?

चालतं. पण कोबा पडायच्या आधी लाइन पाणी भरून तपासणार नसाल, तर नेऊ नका.

कमोड चार मीटर सरकवायचा तर फरशी किती उचलावी लागेल, असं विचारलंय. ११० मिमीच्या पाइपला १:४० ढाळ, म्हणजे दर ४० सेंमीला १ सेंमी उतार, धरला तर १० सेंमी उतारातच जातात. त्यात पाइपचा व्यास आणि वरचा कोबा-टाइल धरा, म्हणजे २५ ते ३० सेंमी.

आमच्या ताईकडे असंच काम निघालं होतं. लाइन टाकून झाली तेव्हा मी म्हटलं, टोकाला बूच मारा, पाणी भरा, रात्रभर राहू द्या. दाजी म्हणाले, "नवे कोरे पाइप आहेत, गळतील कशाला?" संध्याकाळपर्यंत विटांचे तुकडे भरून कोबा झालासुद्धा. वर्षभरात खालच्यांच्या छताला ओल आली. दाजींनी वॉटरप्रूफिंगवाल्याला धरलं, वरून दोनदा केमिकल मारून घेतलं, ओल हटेना. अहो, ते केमिकल फरशीवरचं पाणी अडवतं, फरशीखाली पाइपातून गळणारं कसं अडवेल? आंघोळी झाल्या की ओल वाढायची, घर बंद असलं की सुकायची. पुरवठ्याची लाइन गळत असती तर ओल रात्रंदिवस राहिली असती.

शेवटी फोडलंच. एका सांध्यातली रबर रिंग खाचेतून निसटून आत दुमडली होती, एका बाजूने चिरलेली. पाइप हॅकसॉने कापून, कडा न घासता, तसाच घुसवलेला. पाणी भरून पाहिलं असतं तर तेव्हाच दिसलं असतं.

दाजी आजही म्हणतात, स्लॅबवरचं वॉटरप्रूफिंग पक्कं असतं तर पाणी खाली उतरलंच नसतं. नसतं उतरलं. भरावात साठलं असतं आणि भिंतीतून वर चढलं असतं. गळका सांधा गळकाच राहतो.

तेव्हा प्लंबर कितीही घाई करो, पाणी भरल्याशिवाय गवंड्याला आत सोडू नका. काटकोनी एल्बोऐवजी ४५ अंशांचे दोन बेंड घ्या, वळणाजवळ सफाईचं झाकण हाताला येईल असं ठेवा, आणि झाकायच्या आधी लाइनचे फोटो काढा.

हे सगळं स्लॅब आधीच खोलगट, म्हणजे बाथरूमपुरता खाली घेतलेला, असेल तर. सपाट स्लॅबवर एवढा भराव टाकायचा म्हणजे वजन वाढणार, ते स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारूनच. आणि पाइपासाठी बीम किंवा सळई कापू म्हणणाऱ्याला काम देऊच नका.